तोळाभर गोळी, एकसारखी पुंगळी

अमेरिकेतल्या मेन, पेनसिल्व्हेनिया किंवा विस्कॉन्सिनच्या जंगलांत नोव्हेंबरमध्ये हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. त्या दिवसांत आजही अनेकांच्या खांद्यावर जी रायफल दिसते, तिचा आराखडा सव्वाशे वर्षांहून जुना आहे. जॉन ब्राउनिंग यांनी तो काढला आणि कनेटिकट राज्यातल्या न्यू हेवन गावच्या विंचेस्टर कारखान्याने १८९४ मध्ये ती रायफल विकायला काढली. पुढच्या शंभर-सव्वाशे वर्षांत तिचे ७० लाखांहून अधिक नग खपले. चापाभोवतीची लोखंडी कडी हाताने खाली ढकलून पुन्हा वर ओढली की झाडलेली पुंगळी बाहेर उडते आणि नळीखालच्या नळकांड्यातले पुढचे काडतूस आत सरकते. ही कडी म्हणजे लिव्हर, आणि अशा सगळ्या बंदुका लिव्हर-ॲक्शन रायफली म्हणून ओळखल्या जातात.

या रायफलीला एक बट्टा कायमचा लागला आहे. हलकी, चपळ, दाट झाडीत सोयीची. पण नेमाच्या बाबतीत बेताची, असे तिच्याविषयी सर्रास बोलले जाते. बोल्टचा दांडा हाताने मागेपुढे सरकवून काडतूस भरायची बोल्ट-ॲक्शन रायफल बाळगणारे तर तिला हिशेबातच धरत नाहीत. स्वतःची काडतुसे स्वतः भरणारे लोक मात्र हा निकाल मानत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचेच म्हणणे बरोबर आहे. कारखान्यातले काडतूस त्या जातीच्या प्रत्येक रायफलीत चालावे लागते. १८९५ साली बनलेल्या जुन्या नळीत ते बसले पाहिजे आणि कालच दुकानातून आणलेल्या नव्या नळीतही. त्यामुळे ते कोणत्याही एका रायफलीसाठी बेतलेले नसते. हाताने भरलेले काडतूस एकाच रायफलीचे माप घेऊन तयार होते. त्यात दारू जास्त घालायची नसते. पहिले आणि पन्नासावे काडतूस यांत फरक राहू द्यायचा नाही, एवढ्यासाठीच सारा खटाटोप असतो.

काडतुसाचे भाग चारच: पितळेची पुंगळी, तिच्या तळाशी बसणारी प्राइमरची टोपी, आतली दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाल्यावर टोपी, दारू आणि गोळी खर्ची पडतात. पुंगळी उरते, आणि भागांत सर्वांत महाग तीच असते. ती पुन्हा वापरायची, या काटकसरीतूनच हँडलोडिंग जन्मले. या व्यवसायात वजने ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. आपल्याकडे हे माप परके नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८३३ मध्ये तोळ्याचे वजन ठरवले ते १८० ग्रेन, आणि सराफकट्ट्यावर अजूनही कधीकधी ऐकू येणारा ११.६६ ग्रॅमचा तोळा तो हाच. या रायफलीचे सर्वांत गाजलेले काडतूस म्हणजे १८९५ मध्ये आलेले थर्टी-थर्टी. त्याची जड गोळी १७० ग्रेनची, म्हणजे तोळ्याला दहा ग्रेन कमी. दारू त्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्याशा ऐवजावर सेकंदाला सुमारे ६७० मीटरचा वेग मिळतो.

घरी काडतुसे भरणे हा आधुनिक छंद आहे असे वाटणे साहजिक आहे, पण लिव्हर रायफलीच्या सुरुवातीच्या काळापासून ते चालत आले आहे. १८६० च्या हेन्री रायफलीचे काडतूस रिमफायर होते. त्याच्या काठातच स्फोटक मसाला भरलेला असे, त्यामुळे ते एकदा वापरले की फेकूनच द्यावे लागे. १८७३ च्या विंचेस्टरबरोबर फोर्टी-फोर-फोर्टी हे काडतूस आले. त्याची टोपी तळाच्या मध्यभागी होती आणि ती काढून नवी बसवता येत होती. पश्चिमेकडच्या माळरानावर दुकान शेकडो मैल दूर असे. तिथे शिसे वितळवून गोळ्या ओतणे आणि जुन्या पुंगळ्यांत काळी दारू भरणे ही गरजच होती. विंचेस्टर कंपनी रायफलीबरोबर काडतूस भरायची हत्यारेही विकत असे. १८८४ मध्ये त्याच न्यू हेवन गावात जॉन बार्लो यांनी आयडियल नावाचा कारखाना काढला. पकडीसारख्या दिसणाऱ्या त्यांच्या हत्यारात टोपी काढणे, बसवणे आणि गोळी दाबणे ही कामे होत. काही प्रकारांत गोळी ओतायचा साचाही त्यालाच जोडलेला असे.

नंतर धूर न करणारी दारू आली, कारखान्यातली काडतुसे स्वस्त झाली आणि हा उद्योग मागे पडला. त्याला पुन्हा जोर आला तो दुसऱ्या महायुद्धाने. युद्धात नागरिकांना गोळ्या मिळेनात, तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावी फ्रेड हंटिंग्टन यांनी झाडलेल्या बावीस बोअरच्या पुंगळ्यांपासून गोळ्यांची आवरणे दाबून काढणारे साचे बनवले. त्यातून १९४३ मध्ये आरसीबीएस ही कंपनी उभी राहिली, आणि तिचे हिरवे प्रेस आज जगभरच्या कामाच्या टेबलांवर दिसतात. युद्ध संपल्यावर ब्रूस हॉजडन यांनी कॅन्ससमध्ये सरकारी दारूचा शिल्लक साठा विकत घेऊन तो टपालाने विकायला सुरुवात केली. आयडाहोत व्हर्नन स्पीअर आणि नेब्रास्कात जॉइस हॉर्नाडी यांनी गोळ्यांचे कारखाने काढले. रणांगणावरून परतलेल्या आणि बंदुकीला सरावलेल्या तरुणांच्या हाती पाच-सहा वर्षांत सगळी सामग्री आली. युद्धाआधी थोड्याथोडक्यांपुरते असलेले हे काम घराघरांतल्या तळघरात आणि गॅरेजमध्ये जाऊन बसले.

आता रायफलीकडे वळू. लिव्हर रायफलीसाठी भरायचे काडतूस बोल्ट रायफलीच्या काडतुसासारखे भरले की फसते, आणि त्याची कारणे तिच्या रचनेत आहेत.

पहिले कारण नळीखालचे नळकांडे. त्यात काडतुसे एकामागे एक आडवी झोपलेली असतात. मागच्या काडतुसाच्या गोळीचे नाक पुढच्या काडतुसाच्या टोपीवर टेकलेले असते. गोळी टोकदार असेल तर बार उडताना बसणाऱ्या धक्क्याने ते टोक टोपीवर आदळून नळकांड्यातच स्फोट होऊ शकतो. म्हणून या रायफलींच्या गोळ्यांची नाके चपटी किंवा बोथट ठेवतात. हवेचा अडथळा त्यांना जास्त होतो, दूर गेल्यावर वेग लवकर मरतो, पण ही किंमत मोजण्यावाचून गत्यंतर नाही. हॉर्नाडी कंपनीने या शतकाच्या पहिल्या दशकात रबरासारख्या मऊ टोकाची गोळी काढून यावर एक उत्तर दिले. त्याहून जुनी उत्तरे रायफलीची रचनाच बदलणारी होती. आर्थर सॅव्हेज यांच्या मॉडेल ९९ मध्ये काडतुसे चक्राकार फिरणाऱ्या खणात एकमेकांपासून अलग बसत. ब्राउनिंग यांच्याच १८९५ च्या विंचेस्टरमध्ये ती पेटीत एकावर एक रचलेली असत. या दोन्हींत टोकदार गोळी निर्धास्त चालते. ज्याच्याकडे नळकांड्याची रायफल आहे त्याने मात्र या बाबतीत प्रयोग करू नयेत.

दुसरे कारण कुलपाचे. बोल्ट रायफलीत बोल्टचे कान चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसते त्या जागेच्या, लगेच मागे, पुढच्या बाजूला अडकतात. विंचेस्टर ९४ किंवा मार्लिन ३३६ मध्ये बोल्टला अडवणारा पोलादी अडसर मागच्या टोकाला असतो. बार उडाला की बोल्ट आणि त्याभोवतीची चौकट दोन्ही किंचित लवचिकपणे मागे ताणली जातात. तेवढ्या क्षणात पुंगळीही लांबते. दाब ओसरला की पोलाद मूळ जागी येते, पितळ येत नाही. शिवाय थर्टी-थर्टीच्या पुंगळीला तळाशी काठ आहे आणि चेंबरमध्ये ती त्या काठावर अडते. काठाच्या खाचेत थोडी ढिलाई असली तरी कारखान्याचे काडतूस चालून जाते, पण पुंगळी दरवेळी ती ढिलाई भरून काढायला ताणली जाते. असे चार-पाच वेळा झाले की तळापासून बोटाच्या पेराच्या निम्म्यावर आतल्या बाजूने पितळ पातळ होते. बाहेरून तिथे एक फिकट चकचकीत कडे दिसू लागते. ते दिसले की ती पुंगळी टाकून द्यायची. पुढच्या बाराला तिचे दोन तुकडे होऊ शकतात.

हँडलोडिंगमधली पहिली खरी हातचलाखी इथे आहे आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. झाडलेली पुंगळी फुगलेली असते, ती पोलादी डायमध्ये दाबून पुन्हा मापात आणावी लागते. बोल्ट रायफलवाले अनेकदा पुंगळीची फक्त मान दाबतात आणि बाकीचे अंग चेंबरच्या आकाराचेच राहू देतात. लिव्हरला तसे चालत नाही. तिच्या कडीत पुंगळी आत रेटण्याचा फारसा जोर नसतो, त्यामुळे सगळे अंग दाबावे लागते. डायबरोबर आलेली सूचना सांगते की डाय प्रेसमध्ये अगदी खालपर्यंत, तळपट्टीला टेकेल इतकी फिरवा. अनुभवी माणूस ती थोडी वरच थांबवतो. एक पुंगळी दाबतो, पुसतो, रायफलीत घालतो आणि कडी सावकाश वर आणतो. शेवटच्या टप्प्यात कडी अडली तर डाय एक अष्टमांश फेरा खाली घेऊन पुन्हा दाबतो. कडी बंद होताना बोटांना जेमतेम जाणवेल एवढाच स्पर्श राहिला, की तिथे डायची कडी पक्की आवळतो. आता पुंगळी काठावर न अडता आपल्या खांद्यावर, म्हणजे मानेखालच्या उतारावर, अडते. खांदा चेंबरच्या खांद्यापासून केसाएवढ्याच अंतरावर राहतो. त्यामुळे पुंगळी ताणली जात नाही आणि जास्त वेळा वापरता येते. त्याहून मोठा फायदा असा, की गोळी दरवेळी नळीच्या मध्यरेषेवरून सुटते. ज्या काडतुसावर पहिल्या बाराच्या वेळी काठाचीच पकड होती, तेच दुसऱ्यांदा भरल्यावर त्या रायफलीच्या मापाचे झालेले असते. सरावलेले लोक नवी पुंगळी पहिल्यांदा सौम्य दारूने झाडून मगच तिच्यावर भरवसा ठेवतात, ते याचसाठी.

दाबताना पुंगळी पुन्हा लांबते, आणि इथून तिसऱ्या कारणाकडे जाता येते. नळकांड्यात स्प्रिंग काडतुसांना मागे ढकलत असते. वर दर बाराला धक्का बसतो. गोळी पुंगळीच्या तोंडात सैल असेल तर ती आत ढकलली जाते, आतली जागा कमी होते आणि दाब वाढतो. हे टाळण्यासाठी गोळीच्या कमरेला कोरलेल्या दातेरी खाचेत पुंगळीचे तोंड वळवून घट्ट बसवतात. याला क्रिम्प म्हणतात. बोल्ट रायफलीत बहुतेकांना तो लागत नाही. इथे तो अनिवार्य आहे. आता पन्नास पुंगळ्यांपैकी काही लांब आणि काही आखूड असतील, तर लांब पुंगळीचे तोंड जास्त वळेल आणि आखूड पुंगळीचे जेमतेम. एकीत गोळी घट्ट, दुसरीत सैल. दारूला ज्या अडथळ्याविरुद्ध जळायचे तो दरवेळी वेगळा झाला, तर ती जळण्याचा वेगही दरवेळी वेगळा असणारच.

थर्टी-थर्टीच्या पुंगळीची कमाल लांबी ५१.८ मिलिमीटर. ती सगळीकडे साधारण पाव मिलिमीटर कमी करून एकसारखी कापतात आणि तोंडाची धार आतून-बाहेरून मारतात. हे काम कंटाळवाणे आहे. बहुतेक लोक दारूच्या काट्यावर भरपूर पैसा घालतात आणि पुंगळ्या कापायचे मात्र टाळतात. माझा सल्ला उलटा राहील. लिव्हर रायफलीत लक्ष्यावर पडलेल्या गोळ्यांचा घोळका लहान करायचा असेल, तर सगळ्या पुंगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच खेपेच्या, एकाच लांबीच्या आणि सारख्या वेळा झाडलेल्या घ्या. एवढे केले की निम्मे काम झाले.

उरतो मानेचा कणखरपणा. पितळ वाकवत, दाबत, फुगवत राहिले की कडक होते. कडक मानेची गोळीवरची पकड बदलते आणि शेवटी ती चिरते. उपाय म्हणजे तेवढी मान ज्योतीवर काही सेकंद तापवून पितळ मऊ करणे. तळाला ही उष्णता अजिबात लागू द्यायची नसते, कारण तळच सगळा दाब झेलतो.

या उपायाचा इतिहास आपल्या देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश फौजेची हिंदुस्थानात साठवलेली काडतुसे पावसाळ्यात, कोणी हात न लावता, मानेपाशी चिरत. धातुशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत हे उदाहरण आजही सापडते. पावसाळा सुरू झाला की दारूगोळा तबेल्यांत हलवत. तिथे घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया दमट हवेत भरून राही. गोळी बसवताना मान दाबली गेल्याने तिथल्या पितळेत आधीच ताण अडकलेला असे. अमोनियाने त्या ताणलेल्या पितळेवर हल्ला केला आणि ते फाटले. मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये हे कारण उलगडून दाखवले. ताण नसेल तर अमोनियाने पितळ चिरत नाही, आणि अमोनिया नसेल तर ताण निमूट पडून राहतो. मान तापवून आतला ताण काढून टाकला की प्रश्नच मिटतो. काडतुसाचे पितळ म्हणजे ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त, आणि नेमके हेच मिश्रण या दुखण्याला फार बळी पडते. म्हणून पुंगळ्या चकचकीत करायला घरातले अमोनियायुक्त पितळ-पॉलिश वापरू नये, हा नियम हँडलोडर आजही पाळतात.

दारूविषयी मी मुद्दाम उशिरा लिहितो आहे, कारण तिचे महत्त्व लोक वाजवीपेक्षा फार धरतात. साधा हिशेब करून पाहू. थर्टी-थर्टीची गोळी १०० मीटर जायला सुमारे ०.१६ सेकंद घेते आणि तेवढ्या वेळात जमिनीच्या ओढीने १२ सेंटिमीटरांच्या आसपास खाली येते. एका काडतुसाचा वेग दुसऱ्यापेक्षा दोन टक्के कमी पडला तर ही घसरण चार टक्क्यांनी वाढेल, म्हणजे अर्धा सेंटिमीटर. कारखान्याच्या काडतुसांनी बऱ्यापैकी लिव्हर रायफल १०० मीटरवर ६ ते १० सेंटिमीटरांच्या वर्तुळात गोळ्या टाकते. त्या घोळक्यात अर्धा सेंटिमीटर कुठल्या कुठे हरवतो. ग्रेनच्या दहाव्या हिश्श्यावर जीव टाकणाऱ्याने आधी क्रिम्पकडे आणि पुंगळीच्या लांबीकडे पाहावे. दारू मोजलीच पाहिजे, पण ती सुरक्षिततेसाठी. अचूकतेत तिचा वाटा शंभर मीटरच्या आत मर्यादित आहे.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र जीवघेणा आहे. अमेरिकन मानकांनुसार थर्टी-थर्टीचा कमाल दाब चौरस इंचाला ४२,००० पौंड. थर्टी-ओ-सिक्स या बोल्ट रायफलीच्या काडतुसाचा ६०,०००. बोल्ट रायफलवाले दाब वाढल्याची लक्षणे टोपीवर वाचतात: टोपी चपटी होते, तिच्या कडा पसरतात. पण ही लक्षणे ज्या दाबाला दिसू लागतात तो थर्टी-थर्टीच्या मर्यादेच्या बराच वर असतो. टोपी ठीकठाक दिसते आहे म्हणून दारू वाढवत जाणारा माणूस लक्षण दिसेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडून गेलेला असतो. म्हणूनच दारूचे आकडे केवळ दारू आणि गोळी बनवणाऱ्यांच्या छापील पुस्तिकेतून घ्यायचे, खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि वरचा आकडा ओलांडायचा नाही, हा दंडक आहे. या प्रकरणात मी भरायचे एकही नेमके प्रमाण दिलेले नाही, त्याचेही हेच कारण. रुंद पोटाच्या जुन्या काडतुसांत, जसे फोर्टी-फाइव्ह-सेव्हन्टी, दाट दारूचे दुप्पट मापही चुकून मावते. दारू घातल्यावर गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत विजेरी मारून पातळी पाहणे, ही सवय असलेला माणूस म्हातारपणापर्यंत दोन्ही डोळ्यांनी पाहू शकतो.

ओतीव शिशाच्या गोळीवर स्वतंत्र पुस्तक होईल. इथे एकच गोष्ट सांगतो. शिशात थोडे कथील आणि अँटिमनी मिसळून घट्टपणा आणतात; लायमन कंपनीचे जुने, प्रसिद्ध मिश्रण ९० भाग शिसे, ५ कथील, ५ अँटिमनी असे आहे. पण घट्टपणापेक्षा जाडी महत्त्वाची. गोळी नळीतल्या चरांच्या मापापेक्षा इंचाच्या एक-दोन हजारांश जाड हवी, म्हणजे मागून येणारा वायू बाजूने निसटत नाही. मार्लिन कंपनीने १९५० च्या दशकात उथळ पण संख्येने जास्त चरांची मायक्रो-ग्रूव्ह नळी आणली, तेव्हा पुष्कळांनी ओरड केली की हिच्यात शिसे चालत नाही. गोळीची जाडी वाढवून पाहिलेल्यांच्या हातात त्याच नळ्यांनी उत्तम नेम दिला.

काडतूस कितीही सुबक भरले तरी शेवटी ते नळीतूनच जायचे. लिव्हर रायफलीची नळी बारीक, खाली नळकांडे लटकलेले, दोघांना लाकडासकट आवळणाऱ्या लोखंडी पट्ट्या. बार उडताना नळी थरथरते, आणि गोळी तोंडातून सुटते त्या क्षणी ती थरथर कुठल्या टप्प्यावर आहे, यावर गोळीचा मार्ग ठरतो. पुन्हापुन्हा झाडले की नळी तापते, नळकांडे थंडच राहते. नळी लांबू पाहते आणि पट्ट्या तिला अडवतात. मग गोळ्या कागदावर खालून वर एका रांगेत चढू लागतात. हा दोष दारू बदलून जात नाही. दोन बारांच्या मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबावे, आणि बाकावर रायफल टेकवताना वाळूची पिशवी नळीखाली न ठेवता कडीच्या पुढे, लाकडाच्या मुळाशी ठेवावी. हरणाच्या शिकाऱ्याला तशीही थंड नळीची पहिली गोळीच कामाची असते.

आणखी एक गोष्ट, जिच्यावर मी ठाम आहे. तीन गोळ्यांच्या घोळक्यावरून काडतुसाचा निकाल लावणे म्हणजे स्वतःची फसवणूक. संख्याशास्त्र सांगते की त्याच रायफलीत, त्याच काडतुसांनी, दहा गोळ्यांचा घोळका तीन गोळ्यांच्या घोळक्याच्या सरासरी १.६ पट मोठा येतो. त्याशिवाय तीन गोळ्यांत नशिबाचा भाग इतका मोठा असतो, की तेच काडतूस सकाळी अप्रतिम आणि दुपारी टाकाऊ वाटू शकते. दारूची पाच वेगवेगळी प्रमाणे घेऊन प्रत्येकी तीन गोळ्या झाडायच्या आणि सर्वांत लहान घोळका निवडायचा, ही पद्धत फार रूढ आहे. तिने बहुतेक वेळा सर्वांत भाग्यवान घोळका निवडला जातो. दहा गोळ्या झाडा, आणि जमल्यास आणखी दहा. वेळ आणि पितळ खर्च होते, पण हाती जे येते ते खरे असते.

माशीकडेही लक्ष हवे. कारखान्यातून येणारी उघडी माशी जाड असते आणि १०० मीटरवर ती निम्मे लक्ष्य झाकते. जुनी विंचेस्टर पुंगळी सरळ वर फेकते, म्हणून तिच्या डोक्यावर मधोमध दुर्बीण बसत नसे. १९८० च्या दशकात कंपनीने पुंगळी तिरकी फेकणारी रचना आणली. मार्लिन ३३६ पहिल्यापासून बाजूने फेकते. जुन्या विंचेस्टरवर मागच्या बाजूला बारीक भोकाची माशी बसवली तरी नेमातला फरक डोळ्यांना लगेच दिसतो. अनेकदा काडतुसाच्या माथी मारलेला दोष डोळ्याचा आणि माशीचा असतो.

हे सगळे कष्ट कुठे फळाला येतात, ते पाहायचे असेल तर अमेरिकेतल्या काउबॉय सिल्हूट स्पर्धेत पाहावे. हा खेळ मुळात मेक्सिकोचा. पोलादी पत्र्यातून कापलेली कोंबडी ५० मीटरवर, डुक्कर १०० मीटरवर, टर्की १५० मीटरवर आणि मेंढा २०० मीटरवर उभा असतो. रायफल लिव्हरची, उभ्याने झाडायची, दुर्बिणीला परवानगी नाही. मेंढ्याला गोळी नुसती लागून भागत नाही, तो आडवा पडावा लागतो. १५० मीटरच्या पलीकडे मघाचा वेगाचा हिशेब पालटतो. उड्डाणाचा वेळ वाढतो, चपट्या नाकाची गोळी झपाट्याने मंदावते आणि वेगातला दोन टक्क्यांचा फरक लक्ष्यावर दिसू लागतो. तिथे काट्यावरचा दहावा हिस्सा ग्रेन आपली किंमत वसूल करतो. या स्पर्धकांच्या पेट्यांत पुंगळ्या खेपेनुसार वेगळ्या ठेवलेल्या असतात. कोंबडीसाठी हलके, जपून झाडायचे काडतूस आणि मेंढ्यासाठी जड, असे दोन प्रकार अनेकजण बाळगतात.

भारतात हा मार्ग बंद आहे, हे वाचकाने नीट लक्षात ठेवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही आणि तसे करणाऱ्याला कैद होते. रायफलीचा परवाना असला तरी घरी काडतुसे भरण्याची मुभा त्यातून मिळत नाही.

पण नळीला मानवणारे काडतूस शोधण्याची विद्या आपल्याकडे वेगळ्या वाटेने चालू आहे. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले. त्या प्रकारात वापरतात ते बावीस बोअरचे काडतूस रिमफायर आहे, म्हणजे हेन्री रायफलीच्या जातीचे. ते हाताने भरताच येत नाही. ५० मीटरवरच्या त्या लक्ष्याचे दहाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. म्हणून या पातळीचे नेमबाज काडतुसांच्या कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपा आपल्या नळीतून झाडून पाहतात आणि जी खेप त्या एका नळीत सर्वांत लहान घोळका देते तिचाच साठा करतात. ज्या वाचकाला या प्रकरणाने नेमबाजीची ओढ लावली असेल, त्याने जवळच्या रायफल क्लबात नाव नोंदवावे. तिथे वेगवेगळ्या खेपांची काडतुसे मिळाली तर प्रत्येकीच्या दहा-दहा गोळ्या एकाच रायफलीतून झाडाव्यात आणि कागद जपून ठेवावेत.